वीस युरोचं तिकीट कधी काढायचं?

युरोपात फिरायला निघालेलं कुटुंब असो की म्युनिकला शिकणारी भाची, स्वस्त विमानाचा विषय निघाला की प्रश्न एकच येतो: तिकीट किती दिवस आधी काढावं? विचारणाऱ्याला आकडा हवा असतो. मग कुणी सांगतं, "सहा आठवडे आधी." कुणी म्हणतं, "मंगळवारी मध्यरात्री बघ." तिसरा म्हणतो, "थांब, शेवटच्या क्षणी भाव पडतात." प्रत्येकाला आपला सल्ला कधी तरी एकदा फळलेला असतो, म्हणून तो छातीठोकपणे दिला जातो. पण सगळीकडे चालेल असा आकडा नाही. ज्या विमानात बसायचं ते एरवी कोण भरतं, यावर तिकिटाची वेळ ठरते. आणि हातात भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याआधी व्हिसावर. एवढं ध्यानात आलं की आपल्या प्रवासाचा आकडा आपला आपल्याला काढता येतो.

भाव चढतो कसा

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातही विमान म्हणजे पैसेवाल्यांचं काम होतं. कोणत्या कंपनीनं कुठून कुठे उडायचं आणि भाडं किती घ्यायचं, यावर त्या त्या सरकारांचा वचक असे. १९९३ पासून युरोपीय संघानं भाडी आणि मार्ग मोकळे केले आणि एप्रिल १९९७ पासून संघातल्या कंपनीला दुसऱ्या सदस्य देशाच्या आतही विमानं चालवायची मुभा मिळाली. आयर्लंडची रायनएअर आज मिलानहून सिसिलीला माणसं नेते ती त्यामुळे. ईझीजेट १९९५ मध्ये लंडनजवळच्या ल्यूटनहून स्कॉटलंडला २९ पौंडांत उडू लागली. हंगेरीची विझ एअर आणि बार्सिलोनाची व्ह्युएलिंग २००४ मध्ये उडू लागल्या.

या मंडळींनी तिकिटाचा हिशेब सुटसुटीत केला. जुन्या कंपन्यांत जाऊन-येऊन घेतलं तर स्वस्त, मध्ये शनिवारची रात्र काढली तर आणखी स्वस्त, असल्या अटी असत. इथे जाण्याचं तिकीट वेगळं, येण्याचं वेगळं. त्यामुळे जाताना एक कंपनी, येताना दुसरी, किंवा रोमला उतरून व्हेनिसहून परत, असं केलं तरी दंड बसत नाही. हा मोठा फायदा आहे आणि आपले लोक तो फारसा घेत नाहीत. सवयीनं 'रिटर्न' शोधतात.

विमानातल्या जागा पायऱ्यापायऱ्यांनी विकल्या जातात. समजा, १८० जागांपैकी थोड्या १९ युरोला आहेत. त्या संपल्या की २७, मग ३९, मग ५८, असं करत शेवटच्या काही जागा दीडशेपर्यंत जातात. पायऱ्यांचे भाव साधारण आधीच ठरलेले असतात, पण कुठली पायरी किती काळ उघडी ठेवायची ते संगणक रोज ठरवतो. या मार्गावर, या वारी, उड्डाणाच्या ५० दिवस आधी एरवी किती जागा गेलेल्या असतात, हे त्याला ठाऊक असतं. विक्री त्याच्या पुढे धावत असेल तर खालची पायरी लवकर बंद होते. मागे रेंगाळली तर बंद झालेली पायरी पुन्हा उघडते. म्हणूनच एखादं तिकीट मधेच उतरलेलं दिसतं, आणि ज्याला ते मंगळवारी दिसलं तो पुढे जन्मभर मंगळवारचा प्रचार करतो.

विमान रिकामं उडवणं या कंपन्यांना परवडत नाही. रायनएअरच्या ९० टक्क्यांहून जास्त जागा भरलेल्या असतात, कारण माणूस आत आला की त्याला बॅग, खिडकीजवळची जागा आणि सँडविच विकता येतं. तेव्हा लवकर येणाऱ्याला स्वस्तात घ्यायचं आणि घाईत येणाऱ्याकडून वसूल करायचं, असा हा धंदा आहे. आपला अनुभव मंडईचा: संध्याकाळी उठायच्या वेळी कोथिंबिरीची जुडी निम्म्या भावात. इथे नेमकं उलटं. शेवटच्या दोन आठवड्यांत तिकीट काढणारा बहुतेक वेळा अडलेला असतो, त्याची बैठक असते, घरी कुणी आजारी असतं, नाही तर व्हिसा उशिरा आलेला असतो. त्याला स्वस्तात द्यायचं कंपनीला काही कारण नसतं. अधूनमधून एखादं विमान रिकामं राहतं आणि चार दिवस आधीही २० युरोला मिळून जातं, नाही असं नाही. एकट्या विद्यार्थ्यानं, 'कुठेही जाऊ' म्हणत, तो जुगार खेळावा. हॉटेलं आरक्षित केलेल्या चौघांच्या कुटुंबानं खेळू नये.

या पायऱ्यांचा एक खेळ जवळून बघण्यासारखा आहे. चार जणांसाठी शोधलंत आणि प्रत्येकी ३९ युरो भाव दिसला. आता त्याच विमानासाठी प्रवासी संख्या एक करून बघा. कधी कधी २७ दिसतात. याचा अर्थ २७ च्या पायरीवर एक किंवा दोनच जागा उरल्यात; चौघांना एकत्र द्यायला तिथे जागा नाहीत, म्हणून संगणकानं चौघांनाही वरच्या पायरीवर ढकललं. दोन करून बघा, तीन करून बघा. दोन जागा २७ ला मिळत असतील तर दोघांचं आरक्षण आधी करा आणि उरलेल्या दोघांचं लगेच नंतर ३९ ला. एका बाजूचे २४ युरो वाचले. फक्त लहान मुलाला एखाद्या मोठ्याच्याच आरक्षणात ठेवा, नाही तर पुढे शेजारी जागा मिळवताना नसता घोळ होतो.

विमान कोणाचं आहे ते बघा

आता मुख्य मुद्दा. युरोपातली स्वस्त विमानं दिसायला सारखी असली तरी त्यात बसणारी माणसं सारखी नसतात.

लंडन ते ॲमस्टरडॅम किंवा पॅरिस ते मिलान ही कामाच्या लोकांची विमानं. सोमवारी सकाळी आणि गुरुवारी संध्याकाळी ती कामवाल्यांनी भरतात, शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी रात्री सुट्टीवाल्यांनी. बुधवारी दुपारी किंवा शनिवारी तिथे गर्दी नसते. अशा मार्गावर दिवसाला अनेक फेऱ्या असतात, त्यामुळे वार आणि वेळ बदलायची तयारी असेल तर तीन-चार आठवडे आधीही चांगला भाव मिळतो. मंगळवारी तिकीट काढण्यानं काही होत नाही; मंगळवारी प्रवास करण्यानं होतं. दोन वाक्यांची गल्लत झाल्यामुळे बरीच मंडळी उगाच रात्री जागतात.

कोलोनहून पाल्मा, मँचेस्टरहून मालागा ही उन्हाच्या शोधातल्या लोकांची विमानं. त्यांचं कॅलेंडर शाळा ठरवतात. आणि युरोपातल्या शाळांच्या सुट्ट्या एकाच वेळी नसतात, मुद्दाम मागेपुढे ठेवलेल्या असतात. जर्मनीत प्रत्येक राज्याची तारीख वेगळी. बव्हेरियाच्या शाळा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात म्युनिकहून निघणारी विमानं अजून चढ्या भावात असतात, तेव्हा उत्तरेकडच्या राज्यांतली मुलं वर्गात बसलेली असतात. त्यानंतर लगेच म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे तिकडे जाणारी विमानं महाग. फ्रान्सचे तीन विभाग केलेले आहेत, त्यांच्या फेब्रुवारी-मार्चच्या सुट्ट्या आळीपाळीनं येतात. इंग्लंडमध्ये फेब्रुवारीत, मेअखेर आणि ऑक्टोबरअखेर एकेक आठवडा शाळा बंद असतात. तिकीट बघण्याआधी दोन्ही टोकांच्या शाळांच्या सुट्ट्या गुगलवर बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि मला वाटतं, या लेखातला सर्वांत उपयोगी सल्ला हाच.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना हे दोनदा नडतं. आपली दिवाळीची सुट्टी अनेकदा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याला टेकते, आणि तेव्हाच इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनीतल्या अनेक राज्यांना शरदाची सुट्टी असते. दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली तर मात्र चांदी. तेव्हा युरोपात मोडता हंगाम असतो आणि तीन आठवडे आधीसुद्धा वीस-पंचवीस युरोत शहरं बदलता येतात. दुसरी अडचण मे महिन्याची. १ मे, मग ईस्टरनंतर ३९ दिवसांनी येणारा स्वर्गारोहणाचा गुरुवार, मग पेंटेकॉस्टचा सोमवार. गुरुवारच्या सुट्टीला शुक्रवार जोडून चार दिवस मोकळे करायची खोड जर्मन, फ्रेंच, डच सगळ्यांना आहे. त्या गुरुवारच्या आधीचा बुधवार आणि नंतरचा रविवार, हे दोन दिवस टाळले तरी पुष्कळ वाचतं. या तारखा ईस्टरप्रमाणे दरवर्षी सरकतात, तेव्हा गेल्या वर्षीचं कॅलेंडर वापरू नका.

तिसरा प्रकार गावी जाणाऱ्यांच्या विमानांचा. ल्यूटनहून रोमानियातल्या क्लूजला किंवा डॉर्टमुंडहून पोलंडच्या काटोविसला जाणारं विमान फिरस्त्यांसाठी नसतं, ते कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसाठी असतं. एरवी वर्षभर ते कमालीचं स्वस्त, पण नाताळ आणि ईस्टरला आपल्या गणपतीतल्या कोकण रेल्वेसारखी तिथे झुंबड. नाताळात जायचं असेल तर सप्टेंबर उजाडायच्या आत तिकीट काढलेलं बरं. शिवाय ही गर्दी एकाच दिशेची असते. डिसेंबरच्या २० तारखेनंतर सगळे पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. त्याच दिवशी क्राकोहून लंडनकडे येणारं तिकीट पुष्कळ कमी भावात असू शकतं. नाताळाच्या सुट्टीत पोलंड बघणार असाल तर आधी पूर्वेकडे पोचून मग पश्चिमेकडे या.

आणि चौथा प्रकार, आठवड्यातून दोनच दिवस जाणारं विमान. छोटी बेटं, छोटी शहरं, एकच कंपनी. इथे वाट बघण्यात काही हशील नाही. बेत पक्का झाला की काढून टाका, कारण भाव चढला तर वळायला दुसरी वाट नसते.

हंगाम बदलतो तेव्हा

युरोपातलं विमानांचं वेळापत्रक वर्षात दोनदा पालटतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. ग्रीसच्या बेटांना थेट जाणारी बहुतेक विमानं ऑक्टोबरअखेर किंवा त्यानंतर लगेच थांबतात. सँटोरिनीला दिवाळीत जाऊ म्हणणाऱ्यांनी आधी विमान आहे का ते बघावं. नसेल तर अथेन्समार्गे जावं लागतं.

कंपन्या पुढच्या हंगामाची तिकिटं कित्येक महिने आधी विक्रीला काढतात. ईझीजेट ती टप्प्याटप्प्यानं उघडते आणि तारीख आधी जाहीर करते. ज्या तारखांना गर्दी होणार हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, म्हणजे नाताळ, ईस्टर, ऑगस्टचे शनिवार, त्या तारखांचा सर्वांत कमी भाव बहुधा याच पहिल्या दिवसांत असतो. बाकीच्या तारखांना एवढी घाई करून उपयोग नाही. नोव्हेंबरातल्या बुधवारचं तिकीट आठ महिने आधी काढणाऱ्याला काही वेळा नंतर काढणाऱ्यापेक्षा जास्त मोजावे लागतात, कारण इतक्या लवकर येणाऱ्याची तारीख ठरलेली आहे हे कंपनी ओळखून असते.

माझे ढोबळ अंदाज मागाल तर असे. नाताळ आणि ईस्टर: चार ते सहा महिने आधी. जुलै-ऑगस्ट: मार्च-एप्रिलच्या आत. वसंत आणि शरदातले शनिवार-रविवार: दोन-अडीच महिने. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत आणि नोव्हेंबरात, शाळांच्या सुट्ट्या वगळून: तीन ते सहा आठवडे पुरेत. कुठल्याही हंगामात, उड्डाणाला तीन आठवडे राहिले की मात्र वाट बघणं सोडा.

भाव बरा की वाईट हे ठरवायला रायनएअर किंवा ईझीजेटच्या साइटवर महिन्याचे भाव एकत्र बघता येतात. स्कायस्कॅनर आणि गुगल फ्लाइट्सवरही. त्या महिन्यातला सर्वांत कमी भाव शोधा. तुमच्या तारखेचा भाव त्याच्या दीडपटीच्या आत असेल तर घेऊन मोकळे व्हा. दुपटीच्या वर असेल आणि हातात दोन महिने असतील, तर गुगल फ्लाइट्सवर भावाची सूचना लावून ठेवा. पुन्हा पुन्हा शोधलं की कंपनी आपल्याला ओळखून भाव वाढवते, म्हणून ब्राउझर लपवून शोधा, हा सल्ला फार फिरतो. दोन तासांत भाव वाढला तर बहुधा कुणी तरी खालच्या पायरीवरची जागा उचललेली असते. लपून शोधायला हरकत नाही, पण त्यानं गेलेली जागा परत येत नाही.

व्हिसा आधी की तिकीट

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांची खरी कोंडी इथे आहे. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अर्ज द्यायला वेळ मिळणंच मुश्कील होतं. दुसरीकडे ही स्वस्त तिकिटं परत करता येत नाहीत. व्हिसा नाकारला तर पैसे बुडाले.

म्हणून बहुतेक जण व्हिसा हातात पडेपर्यंत थांबतात, तो प्रवासाच्या दहा दिवस आधी पडतो, आणि मग पॅरिस-रोमला माणशी १४० युरो मोजावे लागतात. यावरचा उपाय तिकिटाच्या बाजूनं शोधू नका, व्हिसाच्या बाजूनं शोधा. मेमध्ये जायचं असेल तर अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत द्या. व्हिसा मार्चमध्ये आला तर तिकिटं अजून खालच्या पायऱ्यांवर असतात. अर्जासोबत प्रवासाचा आराखडा द्यावा लागतो, पण पैसे भरून पक्कं केलेलं प्रत्येक तिकीट हवंच असतं असं नाही. ज्या देशाकडे अर्ज करताय त्यांची कागदपत्रांची यादी ओळ न् ओळ वाचा, एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. तारखा अगदी गर्दीच्या असतील तर एक गणित मांडून बघा: चौघांचे २५ प्रमाणे १०० युरो बुडण्याचा धोका, विरुद्ध थांबल्यास ३०० युरो जास्त जाण्याचा धोका. आधीचे व्हिसे नीट वापरलेले असतील तर पहिला धोका पत्करण्यासारखा असतो. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी थांबावं.

स्वस्त तिकीट दिसलं म्हणून लंडन किंवा डब्लिन मधेच घुसवू नका. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. तिथला व्हिसा वेगळा, आणि शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर पॅरिसहून लंडनला गेलेला माणूस परत पॅरिसला येऊ शकत नाही. अल्बानिया, सर्बिया, सायप्रसही बाहेरच आहेत. क्रोएशिया २०२३ पासून आत आला, रोमानिया आणि बल्गेरिया २०२५ पासून पूर्णपणे. जुनी प्रवासवर्णनं वाचून बेत आखणाऱ्यांनी एवढं तपासावं. जर्मनीत किंवा नेदरलंड्समध्ये राहण्याचा परवाना असलेल्यांना शेंगेन मोकळं आहे, पण डब्लिन नाही. आणि प्रवासात पासपोर्टसोबत परवान्याचं कार्ड हवंच, फोनमधला फोटो चालत नाही.

आणखी एक. रायनएअर आणि विझ एअरकडे युरोपाबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना सुरक्षा तपासणीच्या आधी कंपनीच्या काउंटरवर कागद दाखवावे लागू शकतात. ऑनलाइन चेक-इन झालंय म्हणून सरळ गेटवर गेलात तर तिथून परत पाठवतात. विमानतळावर दोन तास आधी पोचा.

वीसचे साठ होतात ते

तिकिटाच्या भावात फक्त तुम्ही आणि एक पिशवी येते. रायनएअरकडे ४० × ३० × २० सेंटिमीटर, विझकडे तेवढीच, ईझीजेटकडे ४५ × ३६ × २०. म्हणजे पाठीवरची मध्यम सॅक. मुंबईहून आणलेली चाकांची केबिन बॅग यात बसत नाही, तिचे वेगळे पैसे. ते मार्ग आणि तारखेनुसार बदलतात आणि बऱ्याचदा तिकिटाहून जास्त असतात. बॅग लागणार असेल तर तिकिटासोबतच घ्या. गेटवर पकडलं गेल्यावर मोजावे लागणारे पैसे सर्वांत जास्त. तुलना करताना भाव बॅगेसकट लावा. चौघांमध्ये दोन मोठ्या बॅगा आणि बाकीच्यांना सॅक, एवढं जमवलं तर खर्च आटोक्यात राहतो. (लोणच्याची बरणी द्रवात मोडते. चिवडा खुशाल न्या, विमानात फुकट काही मिळत नाही.) रायनएअरचे प्रमुख मायकल ओ'लिअरी यांनी २००९ मध्ये विमानातल्या शौचालयाला नाणं टाकायची सोय करावी, अशी कल्पना जाहीरपणे मांडली होती. ती अमलात आली नाही, पण गडी कुठल्या दिशेनं विचार करतो ते कळलं.

नंतर विमानतळ. तिकिटावर पॅरिस लिहिलेलं असतं, उतरवतात ८० किलोमीटरवरच्या बोव्हेला. फ्रँकफर्टचं हान सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्युनिकचं मेमिंगेन शंभराच्या वर, ब्रसेल्सचं शार्लरुआ पन्नासच्या पुढे. बोव्हेहून चौघांचं बसनं जाऊन-येऊन शंभर युरोच्या पुढे जातं. मिलानचं बर्गामो त्यातल्या त्यात सोयीचं, आणि ते गावही बघण्यासारखं आहे. पहाटे सहाचं विमान स्वस्त असतं ते उगाच नाही: त्या वेळी शहरातून यायला बहुधा गाडी नसते, टॅक्सी करावी लागते. हा सगळा हिशेब करून मगच रेल्वेशी तुलना करा. पॅरिस ते ॲमस्टरडॅम रेल्वेनं साडेतीन तासांच्या आत, शहराच्या पोटातून पोटात. माद्रिद ते बार्सिलोना अडीच तास, आणि रेन्फे, उईगो, इर्यो अशा तीन रेल्वे कंपन्यांत चुरस असल्यानं तिथली भाडीही उतरलेली. या दोन मार्गांवर मी तरी विमान बघणार नाही.

पैसे भरताना

तिकीट कंपनीच्याच साइटवरून काढा. मधल्या एजंटाकडे दोन युरो कमी दिसले तरी वेळ बदलली किंवा विमान रद्द झालं की कळवणारा कुणी नसतो आणि परतावा मधेच अडकतो.

नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, पासपोर्टवर पहिल्या नावासोबतच छापलेलं असतं. तिकिटावरही तिथेच टाका. लग्नानंतर घरात नवं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं, असं असेल तर माहेरचंच. अख्खं नाव बदलायची फी अनेकदा तिकिटाच्या कित्येक पट असते.

भारतीय कार्ड असेल तर त्यावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करा, आणि ओटीपी ज्या फोनवर येतो तो जवळ ठेवा. पैसे भरायच्या पानावर काही कंपन्या रक्कम रुपयांत करून दाखवतात आणि तोच पर्याय आधीपासून निवडलेला असतो. तो बदलून युरोच ठेवा. त्यांचा विनिमय दर बँकेच्या दरापेक्षा बहुतेक वेळा वाईट असतो.

रायनएअरकडे जागेचे पैसे भरले नसतील तर चेक-इन उड्डाणाच्या २४ तास आधी उघडतं. ते विसरून विमानतळावर गेलात तर माणशी ५५ युरोपर्यंत दंड. नोव्हेंबर २०२५ पासून त्यांनी कागदी बोर्डिंग पासही बंद केलाय, सगळं ॲपमध्ये. आई-बाबा एकटे प्रवास करणार असतील तर त्यांच्याच फोनवर ॲप टाकून, चार्जर सोबत देऊन पाठवा.

तिकीट काढलं की भाव बघणं बंद करा. उतरला तरी फरक कुणी परत देत नाही.

मुंबईच्या विमानाचा दिवस

सर्वांत मोठं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं. फ्रँकफर्टहून रात्री मुंबईचं विमान आहे, म्हणून त्याच दिवशी सकाळी रोमहून २२ युरोत फ्रँकफर्ट गाठायचं ठरवलं जातं. दोन्ही तिकिटं वेगळी. रोमचं विमान चार तास उशिरा आलं आणि मुंबईचं सुटलं, तर मुंबईवाली कंपनी काही देणं लागत नाही आणि स्वस्तवाली तुमचं पुढचं तिकीट मोजत नाही. तेव्हा आदल्या दिवशीच फ्रँकफर्टला या, एक रात्र राहा. उन्हाळ्यात फ्रान्सच्या हवाई नियंत्रकांचा संप झाला की ज्या विमानांना फ्रान्समध्ये उतरायचंही नसतं, नुसतं वरून जायचं असतं, तीसुद्धा अडकतात.

उशीर कंपनीच्या चुकीनं झाला असेल आणि तीन तासांहून जास्त असेल, तर २००४ च्या युरोपीय नियमाप्रमाणे १,५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला माणशी २५० युरो भरपाई मिळते, तिकीट २० युरोचं असलं तरी. पासपोर्ट कुठल्या देशाचा यानं फरक पडत नाही. हवाई नियंत्रकांचा संप, वादळ यांत भरपाई नाही, पण जेवण आणि रात्र काढावी लागली तर मुक्काम कंपनीनं द्यायचा असतो. विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं विमान, निवड तुमची. अर्ज कंपनीच्या साइटवरच भरा, दलालाला हिस्सा द्यायची गरज नाही.

आणि उद्याच जायचं असेल तर? आधी शेजारचे विमानतळ बघा: व्हिएन्ना महाग असेल तर साठ किलोमीटरवर ब्राटिस्लाव्हा आहे. मग लुफ्तान्सा, केएलएम यांचे भावही बघा, कारण शेवटच्या दोन दिवसांत स्वस्त कंपनीचं तिकीट अधिक बॅग हे काही वेळा त्यांच्याहून महाग पडतं. तेही जमलं नाही तर फ्लिक्सबस आहे. कोलोनहून रात्री निघून सकाळी पॅरिसला पोचता येतं, आणि मोठी बॅग तिकिटातच येते.